मुठीचा डबा

आमच्या घरात जेवढी भांडणं झाली त्यातली निम्मी एका पत्र्याच्या डब्यावरून झाली. डबा तेलाचा, पंधरा किलोचा, वरचा रंग कधीच उडून गेलेला. झाकण सैल झालं म्हणून बायकोनं त्याला साडीच्या काठाची चिंधी गुंडाळली होती. स्वयंपाकघरात ओट्याखाली तो बसलेला असायचा आणि माझा पाय रोज त्याला लागायचा.

भुसावळला आमच्या चर्चमध्ये घराघरांत असा डबा होता. रीत अशी की स्वयंपाकाला तांदूळ काढला की त्यातली एक मूठ डब्यात टाकायची. डाळ काढली, एक मूठ. दळण निवडायला बसलं, ज्वारीची एक मूठ. ती मूठ मिशनच्या कामाची, देवाची. महिला मंडळाच्या बाया वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि कापणीच्या सणाआधी, पिशव्या घेऊन फिरायच्या, सगळ्यांचे डबे रिकामे करायच्या आणि चर्चच्या मागच्या खोलीतल्या मोठ्या पिंपात ओतायच्या. ते धान्य रावेरच्या पुढं सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या मिशनचं मुलींचं वसतिगृह आहे तिथं जायचं.

मी चौथी शिकलेला माणूस. रेल्वेत डब्यांच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागलो आणि फिटर म्हणून निवृत्त झालो. मला हिशेब सरळ लागतो. मी बायकोला म्हणायचो, "रेशनच्या रांगेत मी उभा राहायचं, आणि मूठ तू उचलायची?"

ती धुळ्याकडची. लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी तिचं बोलणं अहिराणीच राहिलं. ती म्हणायची, "तुमनं काय जास? मूठ मनी शे."

तिची मूठ होतीही लहान. हातच लहान होते तिचे. पण माझ्याशी भांडण झालं की ती त्या दिवशी दोन मुठी टाकायची. माझ्यासमोर, मला दिसेल अशी, आणि झाकण आपटायची. मी म्हणायचो, देवाला माझ्यावरचा राग कशाला पाठवतेस. आमचा डबा मंडळीत, म्हणजे चर्चच्या सगळ्या घरांत, सगळ्यांच्या आधी भरायचा, आणि मंडळाच्या बाया तिचं कौतुक करायच्या. भक्ती फार, म्हणायच्या. मी ऐकून घ्यायचो. खरं कारण मला माहीत होतं.

आता त्या पिंपाचं सांगतो, कारण माझं डोकं सगळ्यात जास्त त्यानं फिरायचं. पिंप एकच. त्यात ह्यांचा तांदूळ, त्यांची तूर, तिसरीची बाजरी, चौथीची ज्वारी, कुणाचे हरभरे, कुणाचे मूग, सगळं एकत्र. असं धान्य शिजवायचं कसं? तांदूळ शिजेपर्यंत तूर कच्ची, तूर शिजेपर्यंत तांदळाची पेज. मी एकदा चर्चच्या सभेत उभा राहून विचारलं की पाच पिंपं का ठेवत नाही. महिला मंडळाच्या अध्यक्षबाई, त्या शाळेत हेडमास्तरीण होत्या, अजून माणसांशी वर्गात बोलल्यासारखंच बोलतात, त्या म्हणाल्या, "आबा, घरात जे शिजतं त्यातलीच मूठ द्यायची असा नियम आहे. देणाऱ्याचं मन एकत्र येतं, म्हणून धान्यही एकत्र."

मी म्हणालो, "मन एकत्र आलं तर चांगलंच आहे बाई, पण खाणाऱ्याचं पोट बिघडेल."

बाया हसल्या. माझी बायको हसली नाही. तिनं खाली बघितलं. घरी आल्यावर म्हणाली, "तुमले काय कये त्यातलं? न्हई ना? मग गप बसाना."

मला वाटलं लाज आणली म्हणून चिडली.

चर्चमध्ये भिंतीवर जगाचा एक नकाशा होता. त्याच्यावर भुसावळला टाचणी, आणि तिथून लाल फीत निघून थेट आफ्रिकेत गेलेली. रेल्वे कॉलनीतलाच एक मुलगा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होऊन बायकोसकट तिकडं गेला होता. आमच्या मंडळीला त्याचा फार अभिमान. दुसरी फीत हिरवी, ती वसतिगृहाची. पण जगाच्या नकाशावर भुसावळ ते रावेर म्हणजे काय असणार? दोन टाचण्या एकमेकींना चिकटलेल्या आणि मध्ये हिरवी फीत गुंडाळून बसवलेली. लांबून बघितलं तर भुसावळला गळू आल्यासारखं दिसायचं.

आणि प्रार्थनेचंही तसंच. आफ्रिकेतल्या जोडप्यासाठी लांबलचक प्रार्थना व्हायची. तिथली हवा, तिथले डास, तिथले रस्ते, तिथलं सरकार, सगळं देवाच्या कानावर घातलं जायचं. मग शेवटी, "आणि रावेरकडल्या आमच्या मुलींनाही सांभाळ, आमेन." म्हणजे जिथं एसटी जाते तिथल्यासाठी देवाला फार त्रास द्यायचा नाही.

ते जोडपं एकदा सुट्टीवर आलं तेव्हा त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. हॉल भरलेला. तिसऱ्या चित्राला लाइट गेली. फिटर म्हणून सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, फ्यूज गेला असता तर बघितलं असतं, सगळ्या भुसावळची गेलीये, माझ्याकडं काय बघता. तासभर अंधारात बसून त्यांनी तोंडी सांगितलं की चित्रात काय दिसलं असतं. माणूस चांगला होता. त्याची बायको अशक्त झाली होती, बोलताना दम लागत होता तिला. माझ्या बायकोनं तिला बाजूला घेऊन बसवलं, लोणच्याची बरणी दिली, आणि घरी येताना म्हणाली, "ती पोर लई एकटी पडी गई तठे. पन आफ्रिकेले दाना पोचत न्हई. रावेरले पोचस. मना दाना रावेरलेच जाई."

एवढं मला नीट आठवतं, कारण पुढं ह्यावरूनच सगळं झालं.

ती गेली त्या वर्षी थंडी उतरत आली होती. आठवडाभर ताप होता, रेल्वेच्या दवाखान्यातलं औषध चालू होतं. मला बरं वाटतंय म्हणाली आणि उठून मुगाची खिचडी टाकली. हिरवे सालीचे मूग. मी बाहेर जिन्याशी सायकल पुसत होतो, झाकणाचा आवाज ऐकला. त्या दिवशी भांडण नव्हतं, एकदाच वाजलं. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं, आणि ती परत आली नाही.

माती झाल्यावर माणसं घरी गेली. मुलगा कल्याणला असतो, तोही पंधरवडा राहून गेला. मी चहा करायला स्वयंपाकघरात गेलो आणि पाय त्या डब्याला लागला. झाकण उघडलं. डबा निम्म्याच्या वर भरलेला, आणि सगळ्यात वर ते मूग. हिरवेगार, एक मूठभर, मधोमध टाकलेले, थोडे कडेला घरंगळलेले. तिनं जशी मूठ सोडली तसेच. मी झाकण लावून टाकलं.

मग मी रोज एकदा उघडून बघायचो. दुसरं काही नाही. मूग जागेवर आहेत का, एवढंच.

मे महिन्यात अध्यक्षबाई पिशवी घेऊन आल्या. दारातून म्हणाल्या, "आबा, डबा."

"ह्या वेळी नाही."

"नाही म्हणजे? अजून भरला नाही का?"

"भरला-बिरला काही नाही. द्यायचा नाही."

त्या आत आल्या, खुर्चीवर बसल्या, चष्मा काढून पदरानं पुसला. मास्तरीण चष्मा पुसते तेव्हा काय होणार हे कळतं. म्हणाल्या, "तुमचं दुःख मी समजू शकते. पण ते धान्य एकदा डब्यात पडलं की घरचं राहत नाही. ते प्रभूचं झालं."

मी म्हणालो, "मग प्रभूला येऊ द्या न्यायला. मी त्याला नाही म्हणणार नाही."

त्यांना राग आला, पण बाई हट्टी. पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या. मग त्यांच्याबरोबर मंडळातल्या आणखी दोघी. एक रडली. मला म्हणाली, तुमच्या घरच्यांना काय वाटलं असतं. मी म्हणालो, माझ्या घरच्यांना काय वाटायचं ते मला चाळीस वर्षं ऐकवलंय त्यांनी, तुम्ही नका सांगू.

मग पाळकसाहेब. नवीन आलेले, पोरसवदा, नाशिकचे. त्यांनी डब्याचा विषय काढलाच नाही. प्रार्थना केली, चहा घेतला, गेले. मला बरं वाटलं. आणि रविवारी उपदेशाचा विषय काय, तर साठवण. साठवलेलं अन्न, त्याला लागणारी कीड, मनाला लागणारी कीड. सगळं चर्च माझ्या पाठीकडं बघत होतं. मला पाठीला डोळे नाहीत, पण कळतं. उपासना संपल्यावर मी त्यांचा हात धरून म्हणालो, "साहेब, पुढच्या वेळी घरी आल्यावर सांगा. एवढ्या लोकांना कशाला बसवून ठेवता."

ते लाल झाले. आता वाटतं, बिचाऱ्याला अध्यक्षबाईंनी सांगितलं असणार.

पण माझ्याकडं एक खरं कारण होतं, आणि ते मला जून महिन्यात मिळालं. चर्चच्या पंच कमिटीनं ठरवलं की ह्या वर्षी मुठीचं सगळं धान्य वसतिगृहाला न पाठवता कापणीच्या सणाला विकायचं, आणि जे येईल ते आफ्रिकेला पाठवायचं, तिथं त्या जोडप्याला मोटरसायकल हवी आहे. मी सभेत उठलो. म्हणालो, "माझ्या बायकोचं धान्य रावेरला जायचं. तिनं मला तोंडानं सांगितलंय. विकायचं असेल तर आमचा डबा धरू नका."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "आबा, मिशन म्हणजे मिशन. जवळचं आणि लांबचं असं करायचं नसतं."

"मग प्रार्थनेत का करता?" मी म्हणालो.

पण ठराव पास झाला.

आता मला धीर आला. पहिल्यांदा नुसता हट्ट होता, आता हट्टाला पाय मिळाले. मी म्हणायला लागलो, डबा मी स्वतः रावेरला नेऊन देणार. पण नेत नव्हतो. आज नेऊ, उद्या नेऊ. एसटीचा संप, मग पाऊस, मग गुडघा. खरं सांगायचं तर मूग बघितल्याशिवाय मला सकाळचा चहा जात नव्हता.

पोळा झाला त्या सुमाराला झाकण उघडलं तर वास आला. जुनाट, ओला. मुगांवर बारीक भोकं. बोटानं हलवलं तर एकेका मुगातून भुंगेरा बाहेर. तांदळात सोंडे. बाजरीला जाळी धरलेली. मी चर्चला गेलो नाही त्या रविवारी. पाळकसाहेबांचा उपदेश खरा झाला ह्याचा मला जास्त राग आला की धान्य किडलं ह्याचा, सांगता येणार नाही.

शेजारीण म्हणाली ऊन दाखवा, कडुलिंबाचा पाला घाला. पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन पडायला लागलं तसं मी डबा उचलून गच्चीवर नेला, जुनी सतरंजी अंथरली आणि डबा उलटा केला.

केला आणि मग कळलं.

डब्यात थर होते. मी कधी विचार केला नव्हता. खाली दिवाळीनंतरचा तांदूळ, त्याच्यावर तूर, मग थंडीतली बाजरी, मध्येच हरभरा, मध्येच चवळी, आणि सगळ्यात वर ते मूग. आम्ही त्या थंडीत काय काय जेवलो ते सगळं त्यात होतं, एकावर एक रचलेलं. उलटा केल्यावर ते सगळं सतरंजीवर पसरलं आणि मूग खाली गेले. मी हातानं उकरायला लागलो. मूग सापडत होते, पण मूग ती आधीही टाकायची, संक्रांतीच्या सुमारालाही आम्ही मुगाची खिचडी खाल्ली होती. कोणते मूग कुठले, काय सांगणार? आठ महिने जपलेल्या त्या एका मुठीसाठी मी अर्ध्या मंडळीशी भांडलो, आणि माझ्याच हातानं ती ढिगात घातली.

चिमण्या आल्या. मी हाकलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं परत डब्यात भरलं, खांद्यावर टाकलं, आणि रावेरची एसटी पकडली. कंडक्टर म्हणाला, "आबा, तेल का?" मी म्हणालो, "किडे." त्यानं पुढं विचारलं नाही.

रावेरहून पुढं गाडी नव्हती. केळी उतरवून परत निघालेला एक ट्रॅक्टर होता, त्याच्या ट्रॉलीत केळीची पानं पसरलेली, त्याच्यावर बसलो. डबा मांडीत धरला. दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, पाटाला पाणी, आणि समोर सातपुडा जवळ यायला लागला. मी बायकोबरोबर इथं कधी आलो नव्हतो. ती दरवर्षी नाताळाच्या आधी मंडळाच्या बायांबरोबर यायची, धान्याच्या गोण्या घेऊन. मी म्हणायचो, मला सुट्टी नाही. निवृत्त झाल्यावर म्हणायचो, बायांच्या मध्ये मी काय करू.

वसतिगृह म्हणजे एक लांबट कौलारू खोली, एक स्वयंपाकघर, एक विहीर. पावरा आदिवासी मुली, लहानमोठ्या, शाळेतून आलेल्या, अंगणात ओळीनं बसून पाट्या पुसत होत्या. त्यांना सांभाळणारी बाई साठीची असेल, सगळे तिला अक्का म्हणत. तिनं मला ओळखलं नाही. मी बायकोचं सांगितलं तेव्हा तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि खाट टाकली.

"ताई गेल्याचं मंडळाच्या बायांनी कळवलं होतं," ती म्हणाली. "मुली रडल्या. ताई त्यांना चिमटे काढायच्या गमतीत, गालाला."

मला हे माहीत नव्हतं. मी डबा पुढं केला. म्हणालो, "हा तिचा. आफ्रिकेला जाऊ देणार नाही म्हणून स्वतः घेऊन आलो."

अक्कानं झाकण काढलं, हात घातला, मूठभर काढून नाकाशी नेलं, आणि परत सोडलं. "आबा," ती म्हणाली, "रागावू नका. हे लेकरांना नाही चालायचं."

"निवडून घ्या. किडकं बाजूला करा."

"बठ्ठं किडकं शे." तिनं एक मूग बोटानं दाबला, पीठ झालं. "आठ महिने ठेवलं का घरात? मग आता कोंबड्यांनाच घालावं लागेल."

मला असा संताप आला की मी खाटेवरून उठलो. म्हणालो, "ह्याच्यासाठी मी मंडळीशी वैर घेतलं. पाळकाचा उपदेश ऐकला. आणि तुम्ही कोंबड्यांना घालता?"

"मग काय करू, सांगा तुम्ही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "फेकून देऊ? ताई फेकू देत नव्हत्या काही."

मी बसलो. तिनं मला पाणी दिलं आणि एका मोठ्या मुलीला भाकर आणायला सांगितली. भाकर आली, काळपट, खरखरीत, लसणाच्या चटणीबरोबर. मी तुकडा मोडला. चव ज्वारीचीही नव्हती, बाजरीचीही नव्हती, ज्वारी-उडदाच्या कळण्याची म्हणावी तर तीही नाही. पण चांगली होती. पोटाला लागणारी.

"कशाची आहे?"

अक्का हसली. "तुमच्या पिंपाची."

"म्हणजे?"

"तुमच्या चर्चातून येतं ना धान्य, सगळं एकत्र. पहिल्या वर्षी मुलींना निवडायला बसवलं. अभ्यास बुडाला. मग मी म्हटलं, जाऊ द्या, आहे तसं उन्हात घालायचं आणि चक्कीवर नेऊन दळायचं. तांदूळ, तूर, ज्वारी, सगळं. मुली तिला भुसावळची भाकर म्हणतात. वर्षभर तीच खातो आम्ही. ताईंना आवडायची. त्या आल्या की दोन खायच्या."

म्हणून ती त्या सभेत खाली बघत होती. तिला माहीत होतं. पाच पिंपं का लागत नाहीत ते तिला माहीत होतं आणि तिनं मला सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं बहुतेक. मी विचारायचो नाही, मी बोलायचो.

स्वयंपाकघराच्या दाराशी एक मडकं होतं. भाकर थापणाऱ्या मुलीनं परातीत पीठ घेण्याआधी एक मूठ त्या मडक्यात टाकली. मला वाटलं चुकून. दुसऱ्या वेळीही टाकली.

"हे काय?"

"मूठ," अक्का म्हणाली. "तुमच्याकडं असते ना, तशी. मिशनसाठी. आणि पीठ तसंच पाठवता येत नाही, किडतं, म्हणून आम्ही गावातून त्याच्या बदल्यात ज्वारी घेतो. कापणीच्या सणाला गोणी घेऊन येतो ना आम्ही भुसावळला. मुली गाणं म्हणतात, वेदीपुढं ठेवतात."

मी ते गाणं दरवर्षी ऐकलं होतं. ती गोणी बघितली होती. सण झाल्यावर दोन माणसं ती उचलून मागच्या खोलीत नेतात हेही बघितलं होतं. मागच्या खोलीत पिंप. पिंपातलं नाताळाच्या आधी ट्रकनं कुठं जातं? इथंच.

मी म्हणालो, "अक्का, अहो, तुम्ही जे देता ते आमच्या पिंपात जातं. आणि आमच्या पिंपातलं तुमच्याकडं येतं."

"हो."

"म्हणजे तुमचंच तुम्हाला येतं. भाडं मात्र ट्रकवाल्याला."

"हो, ताईंनी एकदा सांगितलं होतं," ती म्हणाली. "खूप हसल्या होत्या. म्हणाल्या, कोणाले सांगू नका, नाहीतर आमना आबा सभामा उभा राहीन."

मला हसायलाही येईना आणि रागावताही येईना. मी म्हणालो, "मग बंद करा. सरळ ठेवून घ्या तुमचं तुम्ही. पोरींना एक भाकर जास्त मिळेल."

अक्कानं चुलीतलं लाकूड पुढं सरकवलं. मग म्हणाली, "आबा, ह्या पोरींना सगळे देतात. कपडे देतात, पाट्या देतात, धान्य देतात. घेऊन घेऊन मान खाली जाते माणसाची. त्यांनाही कुणाला तरी द्यायला नको का?"

पोरगी भाकर थापत होती. ऐकत होती की नाही, माहीत नाही.

मी निघण्याआधी अक्का डबा घेऊन मागं गेली आणि मलाही बोलावलं. कोंबड्या धावून आल्या. तिनं डबा तिरपा केला, सगळं जमिनीवर सांडलं. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. कोंबड्यांनी आधी किडे वेचले, मग तांदूळ, मग बाजरी, आणि मूग सगळ्यात शेवटी. बराच वेळ मूग तसेच पडून होते. मग एक तांबडी कोंबडी आली आणि तिनं तेही खाल्ले.

अक्कानं डब्यात भाताचा कोंडा भरला, त्यात अंडी ठेवली आणि झाकणाची चिंधी घट्ट केली. "हळू न्या," म्हणाली. मी ट्रॉलीत पूर्ण रस्ता डबा मांडीवर धरून बसलो, जाताना धरला होता त्यापेक्षा जपून. निम्मी अंडी शेजारणीला दिली. निम्मी मी खाल्ली, आठवडाभर, उकडून. तिची मूठ मी नाही तर कोंबडीनं खाल्ली, आणि कोंबडीचं मी खाल्लं, असा काहीतरी हिशेब मी मांडत बसलो. लागला नाही. सोडून दिला.

त्या वर्षी कापणीच्या सणाला पिंपातलं धान्य विकायला काढलं. तांदूळ, तूर, ज्वारी, चवळी, एकत्र. कोण घेणार? माणसं गोणीत हात घालून बघायची आणि पुढं जायची. शेवटी अध्यक्षबाई स्वतःच म्हणाल्या की ट्रक सांगा, रावेरला जाऊ द्या. मोटरसायकलसाठी वेगळं अर्पण काढलं. मी त्यातही टाकलं. आफ्रिकेतल्या त्या पोरीला दम लागत होता, ते मला आठवत होतं. रावेरच्या मुलींनी गाणं म्हटलं, गोणी वेदीपुढं ठेवली, दोन माणसांनी उचलून मागं नेली. मी सभेत उभा राहिलो नाही. पाळकसाहेब माझ्याकडं दोनदा बघून गेले, हा म्हातारा गप्प कसा म्हणून. प्रार्थना मात्र तशीच झाली. आफ्रिकेचे डास आणि रस्ते आणि सरकार, आणि शेवटी एका ओळीत रावेर.

डबा मी ओट्याखाली परत ठेवला. मी एकट्यासाठी काय शिजवणार? खिचडी. डाळ-तांदूळ एकत्र धुतो, एकत्र टाकतो. पण धुण्याआधी त्यातली एक मूठ कोरडी डब्यात टाकतो.

मे महिन्यात अध्यक्षबाई आल्या, पिशवी घेऊन. दारातच थांबल्या, ह्या वेळी आत यायचं की नाही ते ठरेना त्यांचं. मी डबा ओढून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी झाकण काढलं, आत बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"आबा, डाळ आणि तांदूळ मिसळलेत तुम्ही."

"घरात जे शिजतं त्यातलीच मूठ द्यायची, नियम आहे ना बाई? घरात खिचडी शिजते."

"निदान वेगवेगळी मूठ घ्यायची."

"तुम्ही पिंपात काय करणार आहात ते मला माहीत आहे."

त्यांनी धान्य पिशवीत ओतलं. मग डब्यात डोकावून म्हणाल्या, "बरंच निघालं पण. तुमची मूठ मोठी पडते. ताईंची लहान होती."

मी म्हणालो, "भांडायला कोणी नाही म्हणून एकच टाकतो, बाई. नाहीतर दोन टाकल्या असत्या."

त्यांना कळलं नाही, किंवा कळलं. चष्मा काढून पुसला, पिशवीचं तोंड बांधलं आणि जिना उतरायला लागल्या. चार पायऱ्या खाली जाऊन थांबल्या आणि वर न बघता म्हणाल्या, "तरी पण, आबा, डाळ वेगळी ठेवत जा."